काड्या, बाटल्या आणि गणित: प्राथमिक वर्गांतल्या स्टेम साहित्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर जूनमध्ये शाळा उघडल्या की तेच तेच प्रश्न पुन्हा येऊ लागतात. परळ, कुर्ला, मुलुंड, दहिसर, सगळीकडून. शिक्षकांचे जास्त, आई-वडिलांचे थोडे कमी. मी मुंबईत पहिली ते पाचवीच्या वर्गांना २१ वर्षं गणित शिकवलं, त्या अनुभवावरून ही उत्तरं लिहिली आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्टेम म्हणजे नेमकं काय? आमच्याकडे गणिताची पेटी आहे, तीच ना ही?

सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग आणि मॅथेमॅटिक्स यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा हा शब्द. अमेरिकेतल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनमध्ये २००१ च्या सुमारास तो रूढ झाला. त्याआधी तिथे हीच अक्षरं वेगळ्या क्रमाने लावून 'स्मेट' म्हणत.

पेटीतले मणी, ठोकळे, काड्या हे गणिताचं साहित्य आहे आणि त्याने संख्या कळायला मदत होते. तेच साहित्य मुलांना पडलेल्या खऱ्या प्रश्नाला जुंपलं की त्याला स्टेम म्हणता येतं. '३४ मधून १८ वजा करा' ही वजाबाकी. 'काल बाटलीत ३४ मिलीमीटर पाऊस जमला, परवा १८. काल किती जास्त पडला?' हीसुद्धा तीच वजाबाकी, पण इथे ३४ हा आकडा मुलाने स्वतः वाकून, डोळा पाण्याच्या पातळीला आणून वाचलेला असतो. त्यामुळे उत्तर चुकलं तर त्याला ते खटकतं. पेटी असेल तर उत्तमच. तिला फक्त प्रश्न जोडायचा आहे.

२. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी हे फार लवकर होत नाही का?

उलट हेच वय आहे. ताराबाई मोडकांनी बोर्डी आणि कोसबाडला पानं, बिया, शंख-शिंपले असं परिसरातलं साहित्य घेऊन लहान मुलांना शिकवलं, तेव्हा स्टेम हा शब्द जन्मालाही आला नव्हता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ३ ते ८ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला आहे, आणि ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्ट तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावं आणि साधा हिशेब जमावा हेच आहे. पहिलीला मोजणं, जोड्या लावणं, लांब-आखूड, जड-हलकं एवढं पुरतं. प्रश्न ८ मधला पर्जन्यमापक तिसरीनंतर घ्यावा.

३. सुरुवातीला काय काय घ्यावं लागेल? किट किती महाग असतं?

किट घेऊच नका, निदान पहिल्या वर्षी. आइस्क्रीमच्या ५०० काड्या, रबरबँडचं पाकीट, शिंप्याची टेप, सायकलच्या दुकानात मिळणारी व्हॉल्व ट्यूब, आणि दोन रंगांचे दहा-दहा मणी आलटून पालटून ओवलेली १०० मण्यांची माळ. क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रेहमान स्ट्रीटवर यातलं बरंचसं घाऊक भावात मिळतं. बाटल्या, झाकणं, जुनी वर्तमानपत्रं मुलं घरून आणतात.

एका शाळेत मी महागड्या किटचं कपाट पाहिलं. तीन वर्षं झाली होती, खोक्यांवरची पट्टी तशीच होती. 'हरवलं तर भरून द्यावं लागेल' या भीतीने बाईंनी ते कधी उघडलंच नव्हतं. मला त्या बाईंचा राग आला नाही, त्या मुलांसाठी मात्र वाईट वाटलं. हरवलं तरी चालेल असंच साहित्य वर्गात हवं.

४. वर्गात ४५ मुलं आहेत आणि हालायला जागा नाही. कसं करायचं?

पाच-पाच जणांचे गट आणि प्रत्येक गटाला एक कापडी पिशवी. पिशवीवर आतल्या वस्तूंची संख्या लिहा: काड्या ६०, रबर ६, टेप १. परत देताना गटाने मोजून द्यायचं. हे मोजणंही गणितच आहे, आणि साहित्य हरवायचं जवळजवळ थांबतं. सगळ्या गटांना एकाच वेळी साहित्य देऊ नका; चार गट साहित्यावर, बाकीचे वहीत, अर्ध्या तासाने अदलाबदल. गोंगाट होईल. मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा.

५. माझी मुलगी दुसरीत आहे. 'सत्तावन्न' सांगितलं की ७५ लिहिते. साहित्याने हे सुटेल का?

सुटेल, आणि तिची चूकही समजून घेण्यासारखी आहे. 'सत्तावन्न' ऐकताना आधी सात कानावर पडतात, मग पन्नास. ती जसं ऐकते तसं लिहिते. मराठीत २१ ते ९९ मधल्या बहुतेक संख्यांचं असंच आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास सात' अशी वाचायची पद्धत आली तेव्हा मोठा वाद झाला होता. गणितज्ञ मंगला नारळीकरांनी ती बाजू ठामपणे मांडली होती. माझं मत असं की दोन्ही हवीत, पण क्रमाने. माळेवर दहाचे पाच टप्पे सरकवताना मुलीने 'पन्नास' म्हणावं, सात मणी सरकवताना 'सात', मग '५७' लिहावं आणि शेवटी 'सत्तावन्न' म्हणावं. हाताने आधी पन्नास मोजले गेले की पेनही आधी ५ लिहितं. दोन-तीन आठवडे रोज पाच मिनिटं करा.

'एकोण'च्या संख्या मात्र मराठीची देणगी आहेत. एकोणतीस म्हणजे तीसला एक कमी. माळेवर तीसचा टप्पा दाखवून एक मणी मागे घ्या, म्हणजे हा शब्दच वजाबाकी आहे हे मुलांच्या लक्षात येतं. एकोणनव्वदपर्यंत हे चालतं. ९९ ला मात्र आपण नव्व्याण्णव म्हणतो, आणि एखादं चौकस मूल 'एकोणशंभर का नाही?' असं विचारतंच. त्याचं कौतुक करा.

६. हातच्याची वजाबाकी काड्यांनी कशी शिकवायची?

४२ − १७ घ्या. दहा काड्यांचे रबर लावलेले ४ गठ्ठे आणि २ सुट्या काड्या. मुलाला ७ सुट्या काढायच्या आहेत, हातात दोनच आहेत. इथे थांबा, सांगू नका. बहुतेक मुलं आधी ७ मधून २ काढून मोकळी होतात, कारण 'मोठ्यातून लहान' हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. काड्या समोर असल्या की तसं करता येत नाही, कारण नसलेल्या काड्या काढणार कुठून? मग कुणीतरी गठ्ठ्याचा रबर काढतं. १२ सुट्या, त्यातून ७ गेल्या, ५ राहिल्या. ३ गठ्ठ्यांतून १ गेला, २ राहिले. पंचवीस.

मी वर्गात 'उसना घ्या' म्हणणं सोडून दिलं. एकदा तिसरीतल्या एका मुलाने विचारलं, 'बाई, मग परत कधी द्यायचा?' त्याचं बरोबर होतं. उसनं घेतलेलं परत करायचं असतं, आणि इथे कुणीच परत करत नाही. तेव्हापासून मी 'सुट्टे करणं' म्हणते. बसच्या तिकिटाला दहाची नोट सुट्टी करावी लागते हे मुंबईच्या मुलांना सांगावं लागत नाही. बेरजेत याच्या उलट, दहा सुट्या झाल्या की गठ्ठा बांधायचा.

३०२ − ५८ सारख्या उदाहरणात मधे शून्य असतं. तिथे शंभराचा मोठा गठ्ठा आधी दहांत आणि मग त्यातला एक दहा सुट्यांत सोडावा लागतो. हे एकदा तरी खऱ्या काड्यांनी, जमिनीवर बसून करा. नुसत्या फळ्यावर हे कळलेली मुलं मी फार थोडी पाहिली आहेत.

७. अपूर्णांक आला की वर्ग गार पडतो. कुठलं साहित्य चांगलं?

वर्तमानपत्राच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या. एक तशीच ठेवायची, बाकीच्या दुमडून २, ४, ८ आणि ३, ६ भाग करायचे आणि एकाखाली एक लावायच्या. '४ मोठे म्हणून १/४ हा १/३ पेक्षा मोठा' असं म्हणणारं मूल पट्ट्या शेजारी लावल्यावर गप्प होतं आणि मग स्वतःच कारण सांगतं: जास्त वाटेकरी, छोटा वाटा.

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ केल्या होत्या. पाठांतर गेलं, पण शब्द बाजारात टिकून आहेत. पाव किलो मिरची, पाऊण किलो भेंडी, सव्वा, दीड, अडीच. कपड्याच्या हँगरला दोन्ही बाजूंना सारख्या पिशव्या टांगून तराजू करा, एका बाजूला २५० ग्रॅमचं चहाचं पाकीट ठेवा आणि दुसऱ्या बाजूला तितकेच तांदूळ भरायला सांगा. मग 'पाऊण किलोसाठी हे किती वेळा करावं लागेल?'

वडापाव, पिझ्झा यांची चित्रं मी बेतानेच वापरते. छोट्या वडापावचा अर्धा आणि मोठ्याचा अर्धा सारखे नसतात, आणि 'पूर्ण' एकच हवा ही अट चित्रात हरवते.

८. विज्ञान, तंत्रज्ञान आणि गणित खरोखर एकत्र येईल असा एक पूर्ण उपक्रम सांगाल का?

मुंबईत शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि पाऊसही तेव्हाच येतो. पर्जन्यमापकासारखा उपक्रम नाही.

सरळ भिंतींची २ लिटरची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापून उलटा करून तोंडात बसवा. गाळणीसारखं होतं आणि पाणी उडून जात नाही. बाटलीचा तळ उंचसखल असतो, म्हणून तिथे खडे टाकून सरळ भाग सुरू होईल तिथपर्यंत पाणी भरा आणि तिथे शून्याची रेघ मारा. वर मिलीमीटरची पट्टी चिकटवा. बाटली मोकळ्यावर ठेवा. छज्जाखाली किंवा पागोळ्यांखाली नको. रोज एकाच वेळी वाचन घ्यायचं. हवामान खातं सकाळी साडेआठला घेतं, शाळेची वेळ जुळत असेल तर तीच ठेवा. वाचन झालं की पाणी पुन्हा शून्याच्या रेघेपर्यंत आणायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशीचा हिशेब चुकतो.

तिसरीची मुलं आकडे लिहितात आणि कालच्याशी तुलना करतात. चौथी आठवड्याची बेरीज आणि स्तंभालेख करते. पाचवी सरासरी काढते आणि कुलाबा-सांताक्रूझचे आकडे मोबाईलवर पाहून आपल्याशी ताडते. बाटली वाऱ्याने पडतेच. पहिल्यांदा पडली की मुलांनाच उपाय शोधू द्या. विटांचं कुंपण, कुंडीतली माती, दोरी, सगळं करून पाहतात. इंजिनिअरिंग म्हणजे हेच.

यातली सगळ्यात सुंदर गोष्ट दोन बाटल्यांनी दाखवता येते. एक रुंद, एक अरुंद, शेजारी शेजारी. दोन्हींचं वरचं तोंड त्यांच्या बुडाइतकंच रुंद हवं. मुलं पैज लावतात की रुंद बाटलीचा आकडा मोठा येणार. पाणी तिच्यात जास्त जमतं, पण उंची दोन्हींत जवळजवळ सारखीच. रुंद तोंडात थेंब जास्त पडतात आणि तितकीच जास्त जागा त्यांना पसरायला मिळते. याच धाग्याने पाचवीला पुढचं सांगता येतं: १ चौरस मीटरवर १ मिलीमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर पाणी.

९. भूमितीसाठी काय?

गुल काढलेल्या काड्यापेटीच्या काड्या आणि दीड-दोन सेंटिमीटरचे व्हॉल्व ट्यूबचे तुकडे. अरविंद गुप्तांनी ही खेळणी देशभरच्या मुलांपर्यंत नेली. एका तुकड्याच्या दोन टोकांत दोन काड्या बसतात, कोपरा वाकतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि दाबा: हलत नाही. चार काड्यांचा चौरस करा आणि एका बोटाने ढकला. चौथीतली एक मुलगी ओरडली होती, 'बाई, माझा चौरस झोपला!' बाजू चारही तेवढ्याच, काटकोन मात्र गेले. समभुज चौकोन झाला. पुस्तकातला फरक तिच्या बोटाखाली घडला होता. मग तिने थोडी लांब काडी तिरकी बसवली आणि चौरस उभा राहिला. मधल्या सुट्टीत त्या वर्गाने स्टेशनच्या पादचारी पुलात आणि मेट्रोच्या क्रेनमध्ये किती त्रिकोण दिसतात ते मोजायचं ठरवलं.

१०. साहित्य हातात असलं की सगळं येतं, वहीत मात्र काही येत नाही. साहित्य कधी काढून घ्यायचं?

एकदम काढू नका. जेरोम ब्रूनर यांनी शिकण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या: कृती, चित्र, चिन्ह. सिंगापूरच्या शाळांनी १९८० च्या दशकापासून गणिताची मांडणी याच धर्तीवर केली. आपल्याकडे बहुतेक वेळा मधली पायरी गळते: आज काड्या आणि उद्या थेट उदाहरणं.

मी असं करते. आधी काड्या उघड्यावर. मग काड्या पिशवीत, मूल आत हात घालून न पाहता करतं. मग पिशवी बंद. वहीत गठ्ठ्यासाठी उभी रेघ आणि सुट्यासाठी टिंब काढायचं. शेवटी फक्त आकडे, पण उत्तर सांगताना 'कुठला गठ्ठा सोडलास?' हा प्रश्न कायम. हे सांगता आलं की त्या मुलाला काडी लागत नाही. अडलं की एक पायरी खाली यायची मुभा द्या, पाचवीतल्या मुलालाही. त्याला 'लहान मुलांचं' म्हणून हिणवू नका.

११. मग पाढे पाठ करायचे की नाही?

करायचे. आधी झाकणांच्या रांगा मांडून ६ × ४ आणि ४ × ६ सारखे का ते पाहायचं, मग पाठ करायचे. समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजायलाही मुलांना फार आवडतं.

१२. अशाने अभ्यासक्रम कसा पूर्ण होणार? आणि परीक्षेत काड्या थोड्याच मिळणार आहेत?

जून-जुलैमध्ये मागे पडाल, हे खरं आहे. दिवाळीनंतर वेळ भरून निघतो, कारण हातचा आणि अपूर्णांक पुन्हा पुन्हा शिकवावे लागत नाहीत. प्रत्येक पाठाला साहित्य लागतही नाही. दशक-एकक, हातचा, भागाकार, अपूर्णांक आणि मोजमाप एवढ्यांना द्या. परीक्षेचं उत्तर प्रश्न १० मध्ये आहे.

१३. टॅब, अ‍ॅप, रोबोटिक्सचे वर्ग यांची गरज आहे का?

चौथीपर्यंत माझ्या मते नाही. पडद्यावरचा गठ्ठा बोट लावताच आपोआप सुटतो, आणि तो सोडण्याचा निर्णय मुलाने घेतलेलाच नसतो. मोजमापाचे आकडे मिळवायला, आलेख पाहायला मोबाईल जरूर वापरा. रोबोटिक्सला फी भरण्याआधी मुलाला टेपने आपल्या घराचं दार मोजता येतं का ते पाहा.

१४. साहित्यामुळे मुलं चुकीचं शिकतात असंही होतं का?

होतं, आणि याबद्दल बोललं पाहिजे. सगळ्यात जास्त दिसणारी चूक पट्टीची: मुलं १ पासून मोजायला लागतात, किंवा मधल्या जागांऐवजी रेघा मोजतात. मुद्दाम तुटलेली पट्टी द्या. ३ पासून ११ पर्यंत पेन्सिल आली तर लांबी किती? '११' आणि '९' दोन्ही उत्तरं येतील.

मुंबईच्या मुलांना हे मेट्रोने पटकन कळतं. वर्सोवा ते घाटकोपर १२ स्थानकं आहेत, पण दोन स्थानकांमधले टप्पे ११. मार्ग ११.४ किलोमीटरचा, म्हणजे एक टप्पा सरासरी किलोमीटरहून थोडा मोठा. पट्टीवरच्या रेघा ही स्थानकं आणि लांबी म्हणजे टप्पे.

दुसरी चूक तराजूची. रिकामा असतानाच तो एका बाजूला झुकलेला असतो आणि कुणी पाहत नाही. वजन करण्याआधी रिकामा तराजू पाहायची सवय लावा.

१५. मुलाला दिसत नाही, किंवा गणितात शिकण्याची अक्षमता असेल तर?

हाताने शिकायचं साहित्य अशा मुलांना आणखी उपयोगी पडतं. माळेचे दहा-दहा मणी रंगाऐवजी स्पर्शाने वेगळे करा: दहा गुळगुळीत, दहा खरबरीत. पट्टीवर दर सेंटिमीटरला खाच पाडा. अंध मुलांसाठी आकडेमोडीची टेलर फ्रेम असते. गणितात अक्षमता असल्याची शंका असेल तर नुसतं साहित्य वाढवून वर्ष घालवू नका. सायनच्या पालिका रुग्णालयात त्याची तपासणी होते, आणि प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत सवलती मिळतात.

१६. घर दहा बाय बाराचं आहे आणि आम्हाला इंग्रजीतलं गणित येत नाही. घरी काय करू?

मराठीत बोला. सेमी इंग्रजीच्या मुलाला 'ट्वेंटी नाईन' शाळेत मिळतं. एकोणतीस तुम्हीच देऊ शकता (प्रश्न ५). दुधाच्या पिशव्यांचा महिन्याचा हिशेब, कुकरमध्ये किती वाट्या तांदूळ आणि किती पाणी, शिंप्याच्या टेपने कपाट दारातून जाईल का, हे सगळं मुलाकडे सोपवा. चूक झाली तर लगेच सुधारू नका, कपाट अडू दे.

१७. मुंबईत हे पाहायला, शिकायला कुठे जाता येईल?

वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र १९८५ पासून खुलं आहे. बाहेरच्या विज्ञान उद्यानात हाताने चालवून पाहायची उपकरणं आहेत. मुलांना मोकळं सोडा, वहीत माहिती उतरवून घ्यायला लावू नका. शिक्षकांनी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचं काम जरूर पाहावं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं हे केंद्र १९७४ मध्ये सुरू झालं.

१८. पर्जन्यमापक रात्रीत भरून वाहिला. त्या दिवशी काय लिहायचं?

हा प्रश्न दर जुलैत येतो. अंदाजाने आकडा लिहू नका आणि जागा रिकामीही सोडू नका. पट्टी २०० मिलीमीटरची असेल तर '२०० पेक्षा जास्त' असं लिहा. आठवड्याच्या बेरजेतही 'पेक्षा जास्त' राहील, आणि आलेखाच्या त्या स्तंभावर बाण काढा. मोजमापाला मर्यादा असते हे मुलांना इथेच कळतं.

मी याच दिवशी २६ जुलै २००५ बद्दल सांगते. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला होता. आपल्या चार बाटल्या काठोकाठ भरून पाचवीही बरीच भरली असती. एका वर्षी पाचवीच्या मुलांनी शिंप्याची टेप घेऊन व्हरांड्याच्या भिंतीवर ९४ सेंटिमीटर ४ मिलीमीटरवर खडूने रेघ मारली. एकाने विचारलं, पाणी एवढंच चढलं होतं का? नाही, सखल भागात सगळीकडचं पाणी येऊन साचतं आणि भरतीच्या वेळी समुद्र ते आत घेत नाही, असं आम्ही बोलत होतो. तेवढ्यात पहिलीतली एक मुलगी पाणी प्यायला आली आणि रेघेला पाठ लावून उभी राहिली. रेघ तिच्या खांद्याला लागत होती.